७४ हजार कोटी आणि आमच्या गल्लीतला चर

आमच्या सोसायटीची वार्षिक सभा गच्चीवर भरते. चहा येईपर्यंत मागच्या सभेचं इतिवृत्त, चहा आला की हिशेब, आणि हिशेब निम्म्यावर आला की तिसऱ्या मजल्यावरचे काका उभे राहतात. त्यांचा प्रश्न ठरलेला : "बँकेत एवढी एफडी पडून आहे, मग लिफ्ट का बंद?" मी सहा वर्षं खजिनदार होतो आणि सहाही वर्षं त्याचं उत्तर मीच दिलं.

मागच्या सप्टेंबरात काकांनी विषय बदलला. शर्टाच्या खिशातून पेपरचं कात्रण काढलं. "मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प चौऱ्याहत्तर हजार कोटी! आणि आपल्या फाटकासमोरचा चर मे महिन्यापासून तसाच. तू हिशेबवाला ना, मग सांग."

चर म्हणजे केबल किंवा पाइप टाकायला रस्त्यात खणलेली लांबट खाच. आमच्याकडचा एका कंपनीनं केबलसाठी खणला, घाईघाईत बुजवला आणि पहिल्या मोठ्या पावसात तो खचला. स्कूटरचं पुढचं चाक बरोबर त्यातच जातं.

सभेत मला धड उत्तर देता आलं नाही. घरी येऊन अर्थसंकल्पाची कागदपत्रं उघडली. तेवढ्यात निवडणुकीचं वारं सुरू झालं, पालिकेच्या ठेवींवरून पक्षापक्षांत जुंपली, आणि आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचीच छोटी आवृत्ती रंगली. वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. सोसायटीचे हिशेब ज्याला कळतात त्याला पालिकेचेही कळतात, फक्त शून्यं वाढतात.

आकड्याआधी एक शब्द

२०२५-२६ चा अर्थसंकल्प ४ फेब्रुवारी २०२५ ला मांडला गेला : ७४,४२७ कोटी रुपये. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या आत-बाहेर होती. त्या हिशेबानं माणशी साठ हजार रुपये झाले. काकांनी हा भागाकार सभेतच केला होता आणि "आमच्या घरी पाच माणसं" असंही म्हणाले होते.

पण कागदावर पूर्ण शब्द आहे 'अर्थसंकल्पीय अंदाज'. पेपरच्या मथळ्यात त्यातला दुसरा शब्द गळून पडतो. अर्थसंकल्प ही तिजोरीत मोजून ठेवलेली रक्कम नसते. येत्या वर्षात इतके येतील आणि इतके जातील, असा तो होरा असतो. आमच्या सोसायटीनंही एका वर्षी रंगकामासाठी १२ लाख धरले होते. निविदा आल्या, भांडणं झाली, पावसाळा आला आणि रंग लागला पुढच्या वर्षी. ते १२ लाख त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात होते. भिंतीवर नव्हते.

म्हणून पालिकेचं पुस्तक वाचताना एका ओळीतले तीन आकडे शोधायचे. वर्षाच्या सुरुवातीचा अंदाज, वर्षाच्या मध्यावर बदललेला 'सुधारित अंदाज', आणि वर्ष संपल्यावर खरोखर झालेला खर्च, म्हणजे 'प्रत्यक्ष'. अंदाज किती हलतो याचा नमुना : २०२४-२५ साठी सुरुवातीला ५९,९५४ कोटी धरले होते, वर्ष सरताना तो आकडा ६५,१८० कोटींवर गेला होता. पाच हजार कोटींची ही हालचाल एका वर्षाच्या पोटात झाली. तिच्यावर किती घरांत चर्चा झाली असेल? आमच्या घरात तरी झाली नाही.

प्रत्यक्ष खर्चाचा आकडा मागच्या वर्षांचा असतो, त्यामुळे तो कुणी मथळ्यात घेत नाही. माझ्या मते पुस्तकात सगळ्यात वाचनीय तोच.

मेंटेनन्स वेगळा, लिफ्ट वेगळी

सोसायटीत दोन प्रकारचे खर्च असतात. वॉचमनचा पगार, जिन्यातले दिवे, पंपाची वीज हे महिन्याच्या मेंटेनन्समधून जातं. नवी लिफ्ट, गच्चीचं वॉटरप्रूफिंग यासाठी मोठी रक्कम एकदाच लागते आणि तिचा उपयोग वर्षानुवर्षं होतो. पालिकेच्या भाषेत पहिला महसुली खर्च, दुसरा भांडवली. यापुढे हे दोनच शब्द लक्षात ठेवले तरी पुरे.

२०२५-२६ मध्ये महसुली खर्चासाठी सुमारे ३१,२०० कोटी धरले होते. पगार, निवृत्तिवेतन, रुग्णालयांतली औषधं, कचरा उचलणं, रस्त्यांची डागडुजी, शाळा, सगळं यात. भांडवली खर्चासाठी सुमारे ४३,१६० कोटी, म्हणजे एकूण रकमेच्या ५८ टक्के. किनारी रस्ता दहिसरच्या दिशेनं पुढे नेणं, गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता, सांडपाणी शुद्ध करणारी सात मोठी केंद्रं, रस्त्यांचं काँक्रिटीकरण, रुग्णालयांच्या नव्या इमारती ही त्यातली ठळक नावं.

आता काकांच्या प्रश्नाचा पहिला धागा हाती लागतो. ७४ हजार कोटींतला मोठा हिस्सा आपल्या फाटकासमोरच्या रस्त्यापर्यंत येण्यासाठी नसतोच. मेंटेनन्सचे पैसे आणि लिफ्टचे पैसे एकत्र मोजून "एवढे पैसे असून जिन्यातला बल्ब का नाही" असं विचारण्यासारखं ते आहे. बल्ब नसणं चूकच. पण त्याचं कारण लिफ्टच्या रकमेत सापडणार नाही.

आणखी एक भानगड म्हणजे एकाच अर्थसंकल्पात निरनिराळे डबे असतात आणि त्यांना इंग्रजी अक्षरांची नावं आहेत. 'ए' मध्ये सर्वसाधारण कारभार, 'ई' मध्ये शिक्षण, 'जी' मध्ये पाणी आणि मलनिःसारण. बेस्टचा, म्हणजे पालिकेच्या बस आणि वीज उपक्रमाचा, तर अर्थसंकल्पच वेगळा. आजीच्या फडताळात तांदळाच्या डब्यातले पैसे दुधाला आणि डाळीच्या डब्यातले लग्नाकार्याला असत, तसंच. एका डब्यातून दुसऱ्यात उसने घेता येतात, पण ते उसनेच असतात, लिहून ठेवावे लागतात.

जकात गेली, मनीऑर्डर आली

पैसे येतात कुठून? बहुतेकांच्या मनात उत्तर असतं : घरपट्टी. ते अर्धवट आहे.

२०१७ पर्यंत मुंबई पालिकेचा सगळ्यात मोठा कमावता हात होता जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावर वेशीवरच घेतला जाणारा कर. मुलुंड, दहिसर, मानखुर्द, ऐरोलीच्या नाक्यांवरच्या ट्रकच्या रांगा ज्यांनी पाहिल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. बदल्यात राज्य सरकारनं पालिकेला दरमहा भरपाई द्यायचं ठरलं, दर वर्षी ८ टक्के वाढीसह. पहिला धनादेश ६४७ कोटींचा होता. आठ टक्क्यांनी वाढत वाढत २०२५-२६ मध्ये वर्षाची भरपाई १४,३९८ कोटी धरली गेली.

त्या वर्षीचं अपेक्षित महसुली उत्पन्न होतं सुमारे ४३,१५९ कोटी. म्हणजे एक तृतीयांश पैसा मंत्रालयातून येतो. पूर्वी पालिका स्वतःच्या नाक्यावर स्वतः वसुली करायची, आता महिन्याच्या मनीऑर्डरची वाट बघते. कमावत्या माणसानं स्वेच्छानिवृत्ती घेऊन पेन्शनवर यावं, तसा हा बदल आहे. पेन्शन वेळेवर येते, वाढतेही, पण ती किती असावी हे आता आपण ठरवत नाही.

दुसरा मोठा झरा बांधकामाचा. विकास नियोजन खात्याकडून ९,७०० कोटी अपेक्षित होते. बिल्डर जादा बांधकामासाठी, वेगवेगळ्या सवलतींसाठी अधिमूल्य भरतात, ते हे. मुंबईत जागोजागी हिरवी जाळी लावलेले टॉवर दिसतात ना, त्यातला प्रत्येक टॉवर पालिकेला काही देऊन वर चढतोय. घरांचा बाजार तेजीत असेपर्यंत हे छान चालतं. मंदी आली की हा झरा आटतो, आणि त्याच्या जिवावर सुरू केलेले पूल मात्र अर्धवट थांबवता येत नाहीत.

मालमत्ता कर तिसऱ्या क्रमांकावर, ५,२०० कोटी. पाणी आणि मलनिःसारणाचे आकार सुमारे २,३६३ कोटी, ठेवींवरचं व्याज जवळपास २,२८४ कोटी. पाण्याचं बिल आणि बँकेचं व्याज जवळजवळ सारखं, हे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"माझं घर पाचशे फुटांच्या आतलं. मला बिलच नाही, मग मी विचारू का?"

हा प्रश्न आमच्या सभेत खरंच विचारला गेला. थोडक्यात उत्तर : विचारा.

जरा विस्तारानं. १ जानेवारी २०२२ पासून मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मालमत्ता कर पूर्ण माफ आहे. त्याआधी २०१९ ला केवळ त्यातला 'सर्वसाधारण कर' हा भाग माफ झाला होता. मालमत्ता कराच्या बिलात अनेक ओळी असतात : सर्वसाधारण कर, पाणी, मलनिःसारण, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, रस्ता कर वगैरे. त्यातले काही, उदाहरणार्थ रोजगार हमी उपकर, पालिका फक्त गोळा करून राज्याकडे पाठवते.

कर ठरतो कसा? २०१० पर्यंत घराचं भाडं किती येऊ शकेल त्यावर. यातली गंमत अशी की भाडं नियंत्रण कायद्यामुळे दक्षिण मुंबईतल्या जुन्या, मोक्याच्या इमारतींची भाडी गोठलेली. त्यामुळे गिरगाव-कुलाब्याच्या ऐसपैस फ्लॅटपेक्षा कांदिवलीच्या नव्या वन-रूम-किचनला जास्त कर, असली उदाहरणं सर्रास असत. २०१० पासून भांडवली मूल्यावर कर आला. रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारनं त्या भागासाठी ठरवलेल्या बाजारभावाचा दर, घराचं क्षेत्रफळ, इमारतीचं वय, बांधकामाचा प्रकार, वापर कसला, या सगळ्यांचा गुणाकार. पद्धत तर्काला धरून आहे, पण तिचे काही नियम न्यायालयात टिकले नाहीत. उच्च न्यायालयानं ते रद्द केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो निकाल कायम केला.

ज्यांना बिल येत नाही तेही साबण, मोबाइल, हॉटेलचं जेवण घेताना जीएसटी भरतात आणि पालिकेची मनीऑर्डर त्याच करातून येते. बेस्टचं किमान भाडं मे २०२५ मध्ये ५ रुपयांवरून १० झालं, ते पाचशे फुटांच्या आतल्यांनीच जास्त भरलं. तेव्हा विचारायला संकोच नको.

ठेवींचं भांडण

आता मूळ मुद्दा. काकांची एफडी.

मुंबई पालिकेच्या मुदत ठेवी एके काळी ९० हजार कोटींच्या पुढे होत्या. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्या ८२ हजार कोटींच्या आसपास आल्या. त्यावर दोन्ही बाजूंनी ओरड. एक म्हणतो, "लोक खड्ड्यात पडतायत आणि पालिका बँकेत पैसे ठेवून व्याज खातेय." दुसरा म्हणतो, "ठेवी मोडून पालिका भिकेला लावली." दोघांनाही आमच्या सोसायटीचा ताळेबंद दाखवावासा वाटतो.

आमच्या सोसायटीच्या नावावर काही लाखांच्या ठेवी आहेत. त्यात सिंकिंग फंड आहे, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेली रक्कम. रंगाऱ्याची अनामत आहे, जी काम नीट टिकलं तर त्याला परत द्यायची आहे. वॉचमनच्या ग्रॅच्युइटीची तरतूद आहे. हे सगळं वजा केलं तर खरोखर 'आपले' म्हणावेत असे पैसे निम्म्याच्या आसपास उरतात. पालिकेचंही हुबेहूब असंच. ठेवींचा साधारण निम्मा भाग कर्मचाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन, कंत्राटदारांच्या अनामती यांसाठी बांधलेला. तो रस्त्यासाठी काढणं म्हणजे वॉचमनच्या म्हातारपणाच्या पैशांतून जिना रंगवणं.

उरलेला अर्धा भाग मोठ्या प्रकल्पांसाठी राखलेला. इथे थोडी आकडेमोड करू. २०२५-२६ मध्ये महसुली उत्पन्न ४३,१५९ कोटी, महसुली खर्च ३१,२०० कोटी. शिल्लक राहिले १२ हजार कोटींच्या आसपास. भांडवली कामांना हवेत ४३ हजार. मग मधले एकतीस हजार कोटी कुठून आणायचे? राखीव निधीतून काढून, स्वतःच्याच एका निधीतून दुसऱ्यासाठी तात्पुरते उसने घेऊन, आणि इतर भांडवली जमेतून. म्हणजे ठेवी वापरल्या जातात, हे खरं. त्या त्यासाठीच होत्या, हेही खरं.

मला स्वतःला काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. पालिकेनं हाती घेतलेल्या कामांची पुढच्या वर्षांतली देणी दोन लाख कोटींच्या वर गेलेली आहेत. लिफ्ट, गच्ची, पार्किंग, सोलर आणि गेट या सगळ्यांच्या ऑर्डरी एकाच वर्षी दिल्या, आणि सिंकिंग फंडात निम्म्यांपुरतेही पैसे नाहीत, अशी अवस्था झाली तर सभेत काय होईल याची मला चांगली कल्पना आहे. अशा वेळी "ठेव किती?" यापेक्षा "ऑर्डरी किती दिल्या?" हा प्रश्न मोठा. प्रचारात तो फारसा कानावर आला नाही. त्यात घोषणेला लय सापडत नसावी.

मॅनेजर कमिटीनं नेमलेला नाही

सोसायटीत सभासद कमिटी निवडतात आणि कमिटी मॅनेजर ठेवते. मुंबई पालिकेत तसं नाही. मुंबई महानगरपालिका कायदा १८८८ चा आहे आणि त्याच्या रचनेत कारभाराची सूत्रं आयुक्ताकडे आहेत. आयुक्त हा भारतीय प्रशासकीय सेवेतला अधिकारी, त्याला नेमतं राज्य सरकार. महापौर शहराचा प्रथम नागरिक, सभागृहाचा अध्यक्ष. पण फायलीवर सही करून रस्ता करवून घेण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही. "महापौर काय करतात?" असं चिडून विचारणाऱ्यांना हे ठाऊक नसतं.

मग २२७ नगरसेवकांच्या हाती काय? पैशांची नाडी. आयुक्तानं दर वर्षी ५ फेब्रुवारीच्या आत अर्थसंकल्प स्थायी समितीपुढे ठेवायचा असतो. ही समिती २७ जणांची. मोठी कंत्राटं तिच्या मंजुरीशिवाय पुढे सरकत नाहीत, म्हणून तिच्या अध्यक्षपदासाठी एवढी रस्सीखेच. तिथून अर्थसंकल्प सभागृहात जातो. तिथे आपल्या वॉर्डासाठी कोण किती खेचून नेतो ते पाहण्यासारखं असतं.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक झाली ती थेट १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासक. हा शब्द सोसायटीवाल्यांना शिकवावा लागत नाही. कमिटीची निवडणूक वेळेत झाली नाही की सहकार खात्याचा उपनिबंधक पाठवतो तोच हा माणूस. फरक एवढाच की इथे आयुक्त हाच प्रशासक. अर्थसंकल्प बनवणारं प्रशासन, मंजूर करणारंही प्रशासनच. सलग तीन अर्थसंकल्प असे मंजूर झाले.

यावर आक्षेप ठरलेला : "बरंच झालं की! नगरसेवक असले की टक्केवारी." हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. देशाच्या महालेखापरीक्षकांनी नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२ या काळातल्या ७६ कामांची, सुमारे १२ हजार कोटींच्या खर्चाची खास तपासणी केली. मार्च २०२३ मध्ये विधिमंडळात मांडलेल्या त्या अहवालात पारदर्शकतेवर आणि नियोजनावर गंभीर ताशेरे होते. त्या काळाचा बराचसा भाग नगरसेवक असतानाचाच. तरी एक फरक उरतो. नगरसेवकाच्या दारात सकाळी आठ वाजता जाऊन उभं राहता येतं, कारण त्याला पाच वर्षांनी आपल्या दारात यायचं असतं. प्रशासकाच्या दारात तुम्ही कधी गेलात?

गाळ मोजायचा कसा?

पैसा मंजूर होणं, खर्च होणं आणि काम होणं या तीन निराळ्या गोष्टी. हे समजून घ्यायला नालेसफाईसारखं दुसरं उदाहरण नाही.

पालिकेचं खरं वर्ष एप्रिलला नाही तर पावसाला बांधलेलं असतं. फेब्रुवारीत अर्थसंकल्प, उन्हाळ्यात नाल्यांतून गाळ काढायचा, मेअखेर बहुतेक सगळा काढून झालेला असायला हवा, थोडा पावसाळ्यात, उरलेला नंतर. रस्त्यांचं खोदकामही पावसाआधी थांबवून खड्डे बुजवायचे. म्हणून मे महिन्यात मुंबई उखणलेल्या शेतासारखी दिसते.

२०२५ मध्ये मोसमी पाऊस मुंबईत २६ मेलाच पोहोचला. त्याची नेहमीची तारीख ११ जून. गाळ काढायचे शेवटचे पंधरा दिवस हातचे गेले म्हणा ना. मेअखेरची मुदत अजून संपलेली नव्हती, आणि पाणी दादर-परळच्या सखल हिंदमाता भागात येऊन उभं.

गाळाची अडचण अशी की तो काढल्यावर दिसत नाही. रस्ता झाला तर डोळ्यांना दिसतो, पूल दिसतो. नाल्यातून हजार टन गाळ काढला की नऊशे, हे काठावरून कोण सांगणार? पैसे तर वजनावर द्यायचे. मग डंपर काट्यावर तोलायचे. पण डंपरमध्ये गाळ आहे की बांधकामाची माती, हे काटा सांगत नाही. म्हणून चित्रफिती काढायच्या : नाला आधी, नाला नंतर, डंपर भरताना, डंपर रिकामा होताना. त्या हजारो चित्रफिती पाहायला माणसं पुरेनात, म्हणून २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली गेली. त्याच मे महिन्यात मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं मिठी नदीच्या गाळउपशातल्या सुमारे ६५ कोटींच्या कथित घोटाळ्याचा गुन्हा नोंदवला. काय सिद्ध व्हायचं ते न्यायालयात होईल. मला त्यातून एवढं कळलं की 'तरतूद', 'खर्च' आणि 'गाळ' हे तीन शब्द एकाच ओळीत छापले म्हणून एकमेकांचे नातेवाईक होत नाहीत.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर पर्जन्यजलवाहिन्यांची जुनी योजना फडताळातून बाहेर आली. वाहिन्यांची क्षमता तासाला २५ मिलिमीटरवरून ५० वर न्यायची, समुद्राला भरती असताना पाणी उपसून टाकणारी उदंचन केंद्रं बांधायची. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया, गझदरबंध अशी केंद्रं उभी राहिली. हिंदमातासाठी भूमिगत टाक्या झाल्या, आणि पूर्वी दिवसभर साचणारं पाणी आता तुलनेनं लवकर ओसरतं. पैसा लागला तिथे काही फळलंही, हे मान्य करायला हवं. पण तासाला शंभर मिलिमीटर पडला तर ५० च्या वाहिनीत तो मावत नाही, याला पालिकेतला कुणीच काही करू शकत नाही.

"हे आमच्याकडे येत नाही"

२६ मेच्या त्या पावसात वरळीच्या आचार्य अत्रे चौक मेट्रो स्थानकात पाणी शिरलं. शिव्या पडल्या पालिकेला. मेट्रो पालिकेची नाही, मेट्रोच्या स्वतंत्र महामंडळाची.

मुंबईत जमीन एक आणि सातबारे अनेक. रेल्वेच्या हद्दीतला नाला रेल्वेचा, बंदराची जमीन बंदर प्राधिकरणाची, जुन्या चाळी म्हाडाच्या अखत्यारीत, झोपडपट्टी पुनर्वसनाला वेगळं प्राधिकरण, मोठे पूल कधी एमएमआरडीएचे, म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे, कधी रस्ते विकास महामंडळाचे. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्गसुद्धा २०२२ मध्ये पालिकेकडे आले. त्याआधी त्यांवरच्या खड्ड्यांबद्दल पालिकेला विचारलं की "आमच्याकडे येत नाही" हे उत्तर खरं असायचं. १९९३ ला लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं शहराची अठरा कामं नागरी संस्थांकडे सोपवावीत असं म्हटलं. 'सोपवावीत' आणि 'सोपवली' यात मुंबई तीस वर्षं लोंबकळतेय.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं यावर एक रोखठोक उपाय केला. खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास सहा लाख रुपये भरपाई, जखमींना दुखापतीप्रमाणे. खड्डा कुणाच्या हद्दीतला ते संस्थांनी आपसांत शोधत बसावं.

पाण्याचं मात्र उलट. तिथे पालिकेची कामगिरी थोर आहे आणि आपल्याला तिची किंमत नाही. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा, तानसा १८९२ चा. मग मोडक सागर, ऊर्ध्व वैतरणा, भातसा, २०१४ चा मध्य वैतरणा. ठाणे-नाशिकच्या डोंगरांतून रोज ३,८०० दशलक्ष लिटरहून अधिक पाणी येतं आणि घरगुती ग्राहकाला हजार लिटर सात रुपयांच्या आतच मिळतं. वीस रुपयांची पाण्याची बाटली हातात धरून आपण पालिकेला नावं ठेवतो. आणि ज्या शहापूर तालुक्यात यातली धरणं आहेत, तिथल्या गावांत उन्हाळ्यात टँकर फिरतात. हा हिशेब कुठल्याच अर्थसंकल्पाच्या डब्यात लिहिलेला नसतो.

काका, तुमचा चर

आता जानेवारीपासून नगरसेवक परत आले आहेत. वॉर्ड ऑफिसात गर्दी वाढली आहे असं ऐकतो. मी एका रविवारी काकांकडे हे सगळे कागद घेऊन गेलो. त्यांनी निमूट ऐकून घेतलं, मध्ये दोनदा चहा झाला, आणि मग मूळ प्रश्नावर आले.

"म्हणजे आपला चर कुठल्या डब्यात?"

कुठल्याच नाही, मी म्हटलं. रस्ता खणायची परवानगी घेताना कंपनीला तो पूर्ववत करण्याचे पैसे पालिकेकडे आधीच भरावे लागतात. चर बुजवायला पालिकेचा कंत्राटदार ठरलेला असतो. त्यात ७४ हजार कोटींतला एकही रुपया लागत नाही.

"म्हणजे पैसे जमा आहेत?"

"नियमाप्रमाणे, हो."

"आणि कंत्राटदारही ठरलेलाय?"

"हो."

काका खिडकीशी गेले. खाली एक डिलिव्हरीवाला मुलगा चराशी येऊन थांबला, स्कूटर तिरकी घेऊन हळूच पार झाला. मी पालिकेचा तक्रारीचा नंबर, १९१६, लावून फोन त्यांच्या हातात दिला. "तक्रार क्रमांक लिहून घ्या," म्हटलं, "आणि तो नगरसेवकाला नेऊन द्या." काका चष्मा शोधत म्हणाले, "थांब, पेन कुठंय?"